वेशीबाहेरची राक्षसीण

ताईच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर तिचा आवाजही गेला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की दोनपैकी एका स्वरतंतूला धक्का बसू शकतो. तो बसला. मागे उरला तो एक घोगरा, जाडाभरडा आवाज, रिकामं पिंप फरशीवरून ओढल्यासारखा. दुसऱ्या कुणाचं एवढं अडलं नसतं. पण ताई अठरा वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करत होती. तिचा आवाज ऐकून लोक घड्याळं लावायचे.

साहेबांनी तिची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत केली. तिथे छत्र्या होत्या, डबे होते, एकेकटे बूट होते, आणि काचेच्या बरणीत कुणाची तरी दातांची कवळी होती. ताईनं एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: काय हरवलं? कुठल्या गाडीत? रंग कोणता? कुणी आलं की ती पुठ्ठा पुढे सरकवायची. फोन आला की वाजू द्यायची. एकदा उचलला होता, तर पलीकडचा माणूस म्हणाला, "नमस्कार साहेब." तेव्हापासून तिनं त्या फोनकडे पाठ केली ती केलीच.

तिचा धाकटा भाऊ चष्म्यांचं दुकान चालवायचा. रविवारी दुपारी दुकान बंद करून मागच्या खोलीत, नजर तपासायच्या तक्त्याखाली, तो आणि दोन मित्र खेळायला बसत. खेळ तसा साधा. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. डोंगर चढता येईल का, चोराला फसवता येईल का, असा प्रश्न पडला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर जमलं, लहान आला तर आपटलात. गोष्ट सांगायचं काम भावाचं. आवाजासाठी त्यानं ताईला काय काय औषधं आणून दिली होती, पण तिच्याशी त्यावर बोलायचं धाडस त्याला काही होत नव्हतं. शेवटी एक दिवस म्हणाला, "रविवारी ये ना. नुसतं बसायला."

"बसायला माझ्या घरी खुर्च्या आहेत," असं ताईनं चिठ्ठीवर लिहून दिलं. पण रविवारी आली.

तिथे एक नर्स होती, चटपटीत, तिशीतली. खेळात ती चोर असायची. आणि एक शिंपीकाका होते, साठी उलटलेले, गळ्यात कायम टेप. ते खेळात सरदार होते; चिलखत, ढाल, दिलेला शब्द पाळणं, सगळं अगदी मोजूनमापून. भावानं ताईसमोर खेळाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक ठेवलं. "कोण व्हायचंय ते निवड. माणूस, बुटका, लांब कानांचे रानातले लोक..."

ताईनं पानं उलटली, थेट शेवटाकडे गेली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. नऊ फूट उंची, सुळे, झाडाच्या खोडासारखे दंड.

"राक्षस?" भाऊ हसला. "अगं, ते मारायचे असतात."

"माझ्या सरदारानं आजवर सत्तावीस लोळवलेत," शिंपीकाका म्हणाले. "आता अठ्ठाविसाव्याबरोबर एका पंगतीला बसू?"

ताईचं बोट हललं नाही. चित्राखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: माणसांची भाषा समजते, बोलता येत नाही. भावानं ती ओळ वाचली आणि मुकाट्यानं कागद पुढे ओढून तिच्या राक्षसिणीची ताकद, उंची, वजन लिहून टाकलं.

सुरुवात झकास झाली. राक्षसिणीनं नदीवर पडलेला ओंडका एकटीनं उचलला, दोन लांडगे मानगूट धरून भिरकावले. नर्स टाळ्या पिटत होती. ताईला वाटलं, बरं आहे हे, न बोलता सगळं निभतंय. मग संध्याकाळ झाली, गोष्टीतली, आणि एक गाव आलं. वेशीचं दार बंद. भावानं आवाज बारीक करून द्वारपाल केला: "माणसं आत या. ते बाहेर राहील."

पुस्तकातला नियमच तो होता. सरदार आणि चोर आत गेले. आत खाणावळ होती, भांडण होतं, एक संशयास्पद व्यापारी होता. खेळ रंगत गेला. ताई आपल्या फाशाशी चाळा करत बसली. मग समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचू लागली, मोठ्यांपासून बारीकपर्यंत, आणि परत उलटी. निघताना भाऊ म्हणाला, "पुढच्या रविवारी येशील ना?" तिनं खांदे उडवले.

तो आठवडा तिला एक शब्द टोचत राहिला. "ते." गाढव असतं तसं ते, पोतं असतं तसं ते. राक्षसिणीचं तिला एवढं काय लागावं हे तिचं तिलाच कळेना. तरी रविवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

खेळ पुन्हा वेशीपाशी सुरू झाला. सरदार आणि चोर काही कामानं बाहेर जाऊन परतले होते. द्वारपालानं दार किलकिलं केलं आणि म्हणाला, "तुम्ही या. ते तिथेच राहू दे."

"ते नाही," ताई म्हणाली. "ती."

शिंपीकाकांनी तिला याआधी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वा! काय आवाज काढलात हो! राक्षसीण म्हणजे अशी!"

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. नर्सनं काकांना कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता.

"काढला नाही, काका," ताई म्हणाली. "आहे तोच आहे."

काकांना कुठे पाहावं कळेना. त्यांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. नर्सनं विषय बदलायचा म्हणून पुस्तक ओढलं. "पण यात तर लिहिलंय की यांना बोलता येत नाही."

"लिहिणाऱ्याशी कुणी बोललं नसेल," ताई म्हणाली. भावानं पुस्तक मिटून खुर्चीखाली ठेवलं.

मग तो पुन्हा द्वारपाल झाला, जरा चाचरतच. "तू... माणसं खातेस का?"

"खाणारी असते तर दार वाजवलं असतं का रे?"

"गावातली पोरं घाबरतील."

"घाबरू देत. दोन दिवस घाबरतील, तिसऱ्या दिवशी खांद्यावर चढतील."

"टाक फासा," भाऊ म्हणाला. त्याला मनातून मोठा आकडा हवा होता, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. ताईनं फासा टाकला. घरंगळत जाऊन तो तक्त्याच्या भिंतीला टेकला. चार.

दार बंद झालं.

"माझा सरदारही बाहेरच बसतो," शिंपीकाका एकाएकी म्हणाले.

"मला दया नको, काका."

"दया कुठली आलीय? मागच्या वेळी आत गेलो, ते चुकलंच माझं. तुम्ही बराच वेळ भिंतीवरची अक्षरं वाचत होतात. मी बघितलं होतं. बघितलं आणि खाणावळीत मटण मागवलं." त्यांनी घसा साफ केला. "आणि मघाशी जे बोललो, तेही चुकलं."

"मघाशी तर तुम्ही कौतुक केलंत," ताई म्हणाली, आणि आजारपणानंतर पहिल्यांदा खळखळून हसली. हसणंही घोगरंच होतं. नर्सला तिचं हसणं बघून हसू फुटलं आणि मग काकाही सुटले.

चोरही बाहेरच राहिला. त्या दिवशीचा सगळा खेळ माळावर झाला. शेकोटी, चोरलेली कोंबडी आणि सरदाराच्या चिलखतात शिरलेल्या मुंग्या. आतल्या व्यापाऱ्याचं काय झालं याची कुणी चौकशीही केली नाही.

पुढचे तीन रविवार ते वेशीबाहेरच राहिले. राक्षसिणीनं गावाच्या गिरणीचं अडकलेलं चाक सोडवलं, वाट चुकलेल्या मेंढ्या दोन्ही काखांत घालून आणल्या. द्वारपाल दाराच्या फटीतून गप्पा मारू लागला. त्याला एक दुखरा गुडघा होता आणि तक्रारी तर पोतंभर. ताई त्याची थट्टा करायची, तो चिडायचा. एका रविवारी असंच बोलता बोलता द्वारपालानं विचारलं, "दुखतं का गं? बोलताना?"

हा प्रश्न द्वारपालाचा नव्हता, हे सगळ्यांनाच कळलं. काका टेबलाखाली वाकून न पडलेली पेन्सिल शोधू लागले.

"दुखत नाही," ताई म्हणाली. "लाज वाटते. लोक वळून बघतात ना."

"मी विचारणार होतो. कितीदा तरी. वाटलं, तुला आवडणार नाही."

"न विचारलेलंही नाही आवडलं."

भाऊ द्वारपालाच्या बारीक आवाजात म्हणाला, "दार उघडतोय. बाजूला हो, बाहेरच्या बाजूला उघडतं."

"फासा?" नर्सनं विचारलं.

"याला फासा लागत नाही."

त्याच आठवड्यात कामावर एक बाई आपली पिशवी शोधत आली. पुठ्ठा कुठल्या तरी छत्रीखाली गेला होता. ताईनं दोन क्षण शोधला आणि मग सरळ विचारलं, "काय हरवलंय?" बाई दचकली. पण तिला पिशवीची घाई होती. निळी, बंद तुटलेली, आत चाव्या. पिशवी मिळाली, बाई आभार मानून गेली. संध्याकाळपर्यंत ताई अकरा माणसांशी बोलली. त्यातल्या दोघांनी वळून बघितलं. बाकीच्यांना आपापल्या सामानाची पडली होती.

खेळातल्या गावानं मात्र पंचायत भरवली. राक्षसीण आत आलीच आहे तर तिला कामाला लावावं, असं ठरलं. भाऊ पाटील होऊन म्हणाला, "तू वेशीवर बस. तुला बघूनच चोर पळतील. द्वारपालाच्या गुडघ्यालाही आराम मिळेल."

शिंपीकाकांना हा मोठाच मान वाटला. "घ्या, घ्या!"

"नाही," ताई म्हणाली. "दारावर बसवायला आत घेतलं का मला? तिथे तर बसलेच होते इतके दिवस. मला गावात घर हवं. उंच छताचं."

पाटील अडला. भावानं डोकं खाजवलं, कागदावर गावाचा नकाशा ओढला आणि मोकळी जागा शोधू लागला. छत किती उंच, कौलं कुणाकडून, दाराची रुंदी किती, यावर चौघांची अशी जुंपली की चहा निवून गेला. काकांनी टेपनं टेबलावरच चौकटीचं माप घेतलं.

पुढे काही महिन्यांनी सरदार एका पुरात वाहून गेला. चिलखतामुळे त्याला पोहता येईना. काकांनी रीतसर एक मिनिट शोक केला. मग पुस्तक घेतलं, मागची पानं उघडली आणि खुर्ची ताईच्या शेजारी सरकवली.

"हा दलदलीतला कसा वाटतो? खवलेवाला, शेपटीचा."

"छान आहे. पण काका, मान मिळायचा नाही. दारं बंद होतील."

"होऊ देत. तुम्ही आहात की." त्यांनी पेन्सिलीला टोक केलं. "एवढं सांगा, या लोकांना शिवणकाम जमत असेल का?"

ताईनं चित्र जवळ ओढून नीट पाहिलं. "नखं मोठी आहेत," ती म्हणाली. "सुई जरा जाड लागेल."