करकचून बांधलेला पटका

कारहुणवीला, आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, वेशीत बांधलेली दोरी तोडायला बैल सोडले आणि महादेवप्पांच्याच बैलानं मध्येच वळून त्यांच्या मुलाला, बसवंतप्पाला, शिंगावर घेतलं. शिंग उजव्या बरगडीत घुसलं. लिंगायत म्हणून गळ्यात कायम वागवायच्या इष्टलिंगाची दोरीही तुटली. म्हाताऱ्यानं लिंग उचलून मुलाच्या छातीवर ठेवलं, जखमेत हळद दाबली आणि स्वतःच्या पटक्यानं मुलाला लिंगासकट काखेपासून बेंबीपर्यंत असं करकचून आवळलं की रक्त थांबलं. आम्हाला वाटलं, वाचला.

मी त्यांचा शेजारी, अंकुशराव. गाडी माझीच होती. चिटगुप्प्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बसवंतप्पाचे ओठ जांभळे पडले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. वाटेत 'अप्पा, अप्पा' करत होता, तेही थांबलं.

श्रीपतराव डॉक्टरांनी छाती ऐकली. "उजवीकडे श्वासच नाही. फुप्फुस फाटून मिटलंय. हवा छातीत कोंडतेय आणि या पटक्यानं तिची बाहेरची वाट बंद केलीय. आता ती काळजाला दाबतेय. आधी हा सोडा. तेवढ्यानं भागलं नाही तर सुई घालून हवा काढतो. मग रबरी नळी बसवून तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवू, म्हणजे हवा बाहेर जाईल, परत आत येणार नाही."

"पटका सोडला तर लिंग सुटंल," महादेवप्पा म्हणाले. "लिंग अंगावेगळं झालं की माणूस मेला. जित्त्या पोराला माझ्या हातानं मारू व्हय?"

बसवंतप्पाची बायको गंगव्वा पुढं आली. "मामा, त्यांच्या तळहातावर ठिवू. मी मूठ धरते."

"बेसुद माणसाचा हात! पडलं मंजे? तू गप ऱ्हा. मठातनं स्वामींना बोलवा. ते म्हंतील तसं."

डॉक्टरांनी कात्री उचलली, तर म्हातारा मुलाच्या छातीवर आडवा पडला. त्याच छातीवर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओढायला गेलो, तर त्यांच्या भावकीनं मलाच दाराबाहेर काढलं. "तुमी आमच्यातले न्हाईत, अंकुशराव." जन्मभर एका विहिरीचं पाणी प्यायलो, आणि त्या दिवशी मी परका झालो. खिडकीतून बघत राहिलो. गंगव्वा सासऱ्याचे पाय धरून म्हणत होती, "सोडा हो, मामा. डोळे फिरवायलेत." म्हातारा रडत होता, पण उठत नव्हता.

स्वामी अनवाणीच धावत आले. बघितलं, ऐकलं आणि ओरडले, "अरे, रोज पूजेला तळहातावरच घेता न्हवं? तिथंच ठिवायचं होतं की! कामून थांबलाव?"

म्हातारा बाजूला झाला. डॉक्टरांनी पटका कापला तशी जखमेतून फस्सकन हवा सुटली. छाती मात्र हलली नाही. तरी त्यांनी सुई घातली, कितीतरी वेळ छाती दाबून पाहिली, आणि मग हात धुवायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी बसवंतप्पाला त्यांच्या रिवाजाप्रमाणे खड्ड्यात बसवलं. त्यांच्यात मयताच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवून मगच माती देतात. स्वामींनी ते महादेवप्पांच्या हाती दिलं. म्हातारा खाली उतरला, त्यानं थंडगार बोटं एकेक करून उघडली आणि लिंग ठेवलं.

काठावर गंगव्वा उभी होती. सासऱ्यापुढं कधी मान वर न करणारी ती बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "आता न्हाई का पडत, मामा?"