हसऱ्या डोळ्याचं पांढरं

लोकांकडे टक लावून बघू नये, हे तिला लहानपणापासून इतक्या जणांनी सांगितलं होतं की त्या सगळ्यांना एका खोलीत कोंबलं असतं तर दाराबाहेर रांग लागली असती. आईने सांगितलं, शाळेतल्या बाईंनी सांगितलं, मावशीने तर चिमटा काढून सांगितलं. पण खोड काही जाईना. समोर माणूस आला की ही त्याच्या तोंडाकडे अशी बघत राहायची की बिचाऱ्याला वाटावं, आपल्या नाकाला काही लागलंय की काय! घरात तिचं नाव पडलं टकमक. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, कानाजवळचे केस पिकायला लागले, तरी सासरीसुद्धा तेच नाव चालू राहिलं.

नोकरी होती विम्याच्या ऑफिसात, अपघाताचे दावे तपासायची. नोकरी वाईट होती असं कोण म्हणेल? पंखा होता, खुर्ची होती, वेळेवर पगार होता. फक्त त्या कामात माणूस कुठेच नव्हता. कागदावर ‘डावा डोळा’ एवढंच लिहिलेलं असायचं आणि खाली शिक्का मारायचा. तो डोळा कसल्या रंगाचा होता, कुणाला बघून हसायचा, हे विचारायची सोय नाही. एकदा तिने विचारलंच, तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “अगं, शिक्का मार आणि सोड. तुला काय त्या डोळ्याशी लग्न लावायचंय?”

आणि मग तिच्या धाकट्या दिराचाच डोळा गेला. कारखान्यात लोखंडाचा कण उडाला, एवढंच निमित्त. जखम भरल्यावर खोटा डोळा बसवायची वेळ आली, तेव्हा जावेला ते बघवणार नव्हतं म्हणून ही सोबत गेली.

जिन्यावरून वर गेल्यावर एक लांबट खोली. एका टोकाला मोठी खिडकी, खिडकीपाशी दोन समोरासमोर स्टुलं, कडेला रंगांच्या बाटल्या, घासायचं यंत्र, आणि काचेच्या कपाटात कप्प्याकप्प्यांत ठेवलेले डोळे. तपकिरी, घारे, राखाडी. दुसरं कुणी असतं तर शहारलं असतं. ही मात्र कपाटाला नाक लावून उभी राहिली. खोलीचे मालक म्हणजे डोळेवाले काका. उंच, वाकलेले, आणि सदा कुणावर तरी चिडलेले. ते दिराला समोर बसवून चकतीवर बुबुळ रंगवत होते. एक रंग लावायचा, दिराच्या चांगल्या डोळ्याशेजारी धरून बघायचं, मान हलवायची, पुन्हा लावायचा.

“काका,” ही मागून बोलून गेली, “बाहुलीभोवती बारीक पिवळट कडं आहे. ते राहिलं.”

दिराने लाजेने मान खाली घातली. आता काका बाहेर काढणार, असंच त्याला वाटलं. काकांनी त्याची हनुवटी धरून मान वर केली, भिंग लावून पाहिलं आणि मग हिच्याकडे वळले.

“तुम्ही काय करता?”

“विम्याच्या ऑफिसात आहे.”

“का?”

असा प्रश्न! आजवर कुणी तिला विचारलाच नव्हता तो. काकांनी उत्तराची वाट न बघता हातातलं भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “बघा.”

तिने पाहिलं, आणि खरं सांगायचं तर ती त्या दिवशीच गेली कामातून. ज्या दिराला ती पोरवयापासून ओळखत होती, ज्याचे डोळे ‘तपकिरी’ म्हणून तिने एका शब्दात गुंडाळून ठेवले होते, त्या डोळ्यात केवढं काय काय होतं! बाहुलीपासून निघालेल्या बारीक रेघा, कुठे मधाच्या रंगाच्या, कुठे काळपट. मध्येच एक हिरवा ठिपका, बाकी सगळ्यांशी फटकून बसलेला. आणि हे सगळं हलत होतं. खिडकीवरून ढग गेला, तशी बाहुली मोठी झाली आणि रेघा आक्रसल्या. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हे सगळं रोज ताटासमोर बसून “वहिनी, मीठ द्या” म्हणत होतं, आणि आपण मीठ देत होतो.

घरी येऊन तिने काकांकडे काम शिकायला वर्षभराची बिनपगारी रजा काढायची म्हणून सांगितलं, तेव्हा नवऱ्याने डोक्याला हात लावला. घर दोघांच्या पगारावर चालत होतं. सासूबाईंनी तर विचारलंच, “डोळे करणार म्हणजे? देवाने काम सोडलंय की काय?” पण नवरा स्वभावाने चांगला. शेवटी म्हणाला, “वर्षभर कर. करू तोंडमिळवणी. पण खुर्ची सोडू नकोस. वर्ष संपल्यावर ठरवू.”

ते वर्ष कसं गेलं हे तिला विचारू नका, कारण ती सांगत बसेल आणि तुमची कामं राहतील. पांढरं हे पांढरं नसतं, हे शिकण्यातच तिचे कितीतरी दिवस गेले. डोळ्याचं पांढरं कुठे निळसर, नाकाच्या बाजूला पिवळट, म्हाताऱ्या माणसाचं हस्तिदंती. त्यावरच्या लाल शिरा म्हणजे रेशमाचे सुटे तंतू. चिमट्याने एकेक उचलून चिकटवायचा, वर पारदर्शक थर चढवायचा, गरम पाण्यात शिजवून घट्ट करायचा आणि आरशागत घासायचा. तंतू बसवताना श्वास जोरात सोडला तरी उडून जातो. काका ओरडायचे, पुसून टाकायला लावायचे. ती पुसायची आणि पुन्हा बसायची. संध्याकाळी मान अवघडलेली, बोटांना रंग, आणि चेहऱ्यावर असा काही आनंद की सासूबाईंना संशय यायचा, ही खरंच कामाला जाते ना!

रजा संपत आली, तसे काका म्हणाले, “आता येईल तो डोळा तू एकटीने करायचा. मी हात लावणार नाही, बोलणार नाही. जमला तर इथे राहा. नाही जमला तर मुकाट्याने ऑफिसला जा. अर्धवट कारागीर मला नको, आणि लोकांना तर नकोच नको.”

आली ती एक तरुण आई. आजारात तिचा उजवा डोळा काढावा लागला होता, त्यावर पट्टी. स्टुलावर बसेपर्यंत कशीबशी थांबली आणि मग म्हणाली, “माझी मुलगी जवळ येत नाही हो. तीन वर्षांची आहे. पट्टी काढली तर किंचाळते, लावली तर आत्याच्या मागे लपते. आज निघताना हात पुढे केला तर पळून गेली.”

टकमकने तिला पाणी दिलं. दोघी खिडकीशी बसल्या. आणि मग हिने पाहिलं, ज्यासाठी तिला आयुष्यभर बोलणी बसली होती तसं, मन लावून, पापणी न हलवता. राखाडी बुबुळ, कडेला निळं, खालच्या बाजूला गंजासारखे तीन ठिपके. पांढऱ्यावर शिरांचं दाट जाळं. तिने एकही तंतू सोडला नाही. पुढचे दिवस ती खात होती की नाही, हे सासूबाईंनाच माहीत.

डोळा तयार झाला, तेव्हा काकांनी तो तळहातावर घेतला आणि खिडकीशी नेऊन फिरवून फिरवून पाहिला. बोलणार नाही म्हणाले होते, तरी तोंडातून निघालंच, “अरे वा!” काका असं म्हणत नसत. टकमकला जिन्यावरून नाचत खाली जावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर व्हायचं होतं, नाहीतर खुर्ची जाणार होती. जाऊ दे ना, गेली तर गेली!

दुपारी ती आई आली. बरोबर नणंद, आणि नणंदेच्या कडेवर ती चिमुरडी. डोळा बसवला. आईने आरसा पाहिला आणि हसायलाच लागली, थांबेचना. दोन्ही डोळे एकदम वळले, एकदम मिटले. नणंदेने तोंडावर हात ठेवला. “वहिनी, कुठला खोटा तेच कळत नाहीये!”

पोर कडेवरून उतरली. हळूहळू आईपाशी आली. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला, वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग बोट उचलून उजव्या डोळ्याखाली लावलं.

“आई, रडू नको ना.”

आई हसत होती. डावा डोळा हसत होता. टकमकने वाकून त्या दोन्ही डोळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. आज घरून आनंदात निघालेल्या बाईच्या डाव्या डोळ्याचं पांढरं स्वच्छ होतं, शिरा मोजक्या. उजव्यावर मात्र लाल जाळं, त्या दिवसाचं. रडून आलेल्या डोळ्याची हिने हुबेहूब नक्कल केली होती, एकही शीर न सोडता. ही बाई आता लग्नाघरी गेली तरी, झोपून उठली तरी, एका डोळ्याने नुकतीच रडलेली दिसणार होती. जन्मभर.

“चुकलं,” ती म्हणाली. “माझं चुकलं.”

“अहो, राहू दे!” आई घाबरून म्हणाली. “ती जवळ आली ना! मला एवढं पुरे आहे. काढू नका.”

“नाही. ती रोज तुम्हाला विचारेल.”

टकमकने काकांकडे पाहिलं, आणि तिला एकदम कळलं की काका काय म्हणतील याची भीती तिच्यात उरलीच नाहीये. त्यांनी हाकललं तर जिन्यावर बसून करीन, पण हा डोळा मी नीट करणार. बुबुळाला धक्का लावायचा नव्हता; वरचा थर घासून काढायचा, जुने तंतू उचलायचे, नवे बसवायचे, पुन्हा शिजवायचं. ती म्हणाली, “मुलीला मांडीवर घ्या. आणि तिच्याशी गप्पा मारा. मला आज तुमचं पांढरं बघायचंय.”

आई बसली. पोरीने मांजराने दूध सांडल्याची लांबलचक गोष्ट सुरू केली. आई ऐकत होती, हसत होती, आणि टकमक त्या हसऱ्या डोळ्यात वाकून बघत होती. किती कमी लाल, किती ओलसर, किती निवांत! एकाच बाईचा तोच डोळा. इतके दिवस आपण फक्त रंग बघितले, असं तिला वाटलं, आणि आपण किती थोडं शिकलोय या विचाराने रडू येण्याऐवजी तिला आनंदच झाला. शिकायचं सगळं पुढे होतं. संपणारच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या वेळेला तिच्या चिमट्यात रेशमाचा तंतू होता. फोन वाजला, तो काकांनी उचलून तिच्या कानाशी धरला.

“ऑफिसात पोचलीस का गं?” सासूबाई विचारत होत्या.

“नाही, आई. इथेच आहे. आता जाणारही नाही.”

तिने चिमट्यातला तंतू जागेवर टेकवला आणि पुढे म्हणाली,

“आई, माझ्या हातून चूक झाली. एका बाईला जन्मभर रडवलं असतं. ते दुरुस्त करतेय.”

“मग फोनवर कशाला बोलतेस?” सासूबाई म्हणाल्या. “नीट कर. तुझ्या नवऱ्याला मी बघते.”

काकांनी फोन ठेवला. “अशी चूक व्हायला आधी तेवढं दिसावं लागतं,” ते पुटपुटले आणि आपल्या कामाला गेले.

दुपारी डोळा पुन्हा बसवला. टकमकने हात मागे घेतले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. पोर आईसमोर आली. वर पाहिलं. एका डोळ्याकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं.

“आई,” पोर म्हणाली, “माझ्या बुटात खडा गेलाय.”

आणि तिने आईच्या मांडीवर पाय ठेवला.