टेबलावरचे देव

कारण पहिलं : देव कुणी पाहिलेला नाही.

एवढं फळ्यावर लिहून परसराम सरांनी खडू खाली ठेवला. सानगडीजवळच्या त्या शाळेत दर शनिवारी ते आठवीला 'सर्व धर्मांची ओळख' शिकवत. वर्षभर एकेक धर्म झाला. मागच्या शनिवारी सत्यभामा नावाच्या मुलीनं विचारलं होतं, "तुम्ही कोन्या देवाले मानता जी, सर?"

"कोणत्याच नाही."

"काहून?"

खरी कारणं पुढच्या तासाला सांगतो, असा शब्द त्यांनी देऊन टाकला.

आणि मधल्याच आठवड्यात तलावातून देव निघाले.

रोजगार हमीवर गाळ उपसणाऱ्या बायकांच्या फावड्याला पितळेच्या मूर्ती लागल्या. छप्पन साली गावातल्या ज्या घरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांनी आपापले देव टोपलीत घालून त्याच तलावात बुडवले होते. हेडसरांनी मूर्ती धुऊन घेतल्या, वर्गातल्या टेबलावर मांडल्या. "तुमच्या तासाले कामी येतीन," म्हणाले.

फळ्याकडे तोंड केलं की सरांना त्या मूर्ती पाठीला जाणवत.

कारण दुसरं : एकाचा देव दुसऱ्याला पटत नाही. सगळे खरे असू शकत नाहीत.

"काहून नाही जी? मोठं गाव असन वरतं," मागच्या बाकावरून भैय्यालाल म्हणाला. वर्ग हसला. सरही हसले. "एक हातात घेऊन दाखवा ना सर."

सरांनी हात पुढं केला. टेबलापाशी हात थांबला, आणि ते पुन्हा फळ्याकडे वळले.

कारण तिसरं :

पुढं काहीच लिहिलं नाही.

छप्पन साली त्यांच्या घरची टोपली त्यांच्याच डोक्यावर होती. नऊ वर्षांचा परस्या पुढं, बाबा मागं. वर फडकं बांधलेलं. घरातले देव कोनाड्यात पडद्याआड असत, पोरांनी पडदा सारायचा नसे. जड लागले, एवढंच त्याला कळलं. बाबांनी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन टोपली उलटी केली. "पाय, वर येते का कोनी," ते म्हणाले. परस्या पाहत राहिला. कुणी आलं नाही. आठवडा सरायच्या आत धाकटी बहीण रुखमिणी तापानं गेली. शेजारची पार्वताबाई दारात उभी राहून हळूच म्हणाली, "नेली त्याइनं."

देव असतील, तर रुखमिणी त्या टोपलीपायी गेली. नसतील, तर तापानं गेली. परसरामनं पुस्तकं पुढं वाचली, कारणं पुढं जमवली. ठरलेलं आधीच होतं.

"तिसरं काय सर?" सत्यभामा.

"मले भेव वाटते." वर्गात ते घरची बोली कधी बोलत नसत. "देव असला, त माह्या बहिनीले मी मारलं. म्हणून तो नाही. हे कारण म्हणून चालत नाही. पण खरं हेच हाय."

भैय्यालालनं बाक थोडा मागं सरकवला.

शाळा सुटल्यावर सरांची आई जनाबाई आली. देव पाहायला सगळं गावच येऊन जात होतं. ती सगळ्यांच्या शेवटी आली. तिनं एक मूर्ती उचलली, उलटीपालटी केली, खाली ठेवली.

"हे आपले नाही होत."

"म्हणजे?"

"आपल्याकडे पितळ कोठचं गा? गोट्याचे होते आपले. शेंदराचे. हे सुखरामच्या घरचे." गाय अजून घरी आली नाही, असं सांगावं तशी ती म्हणाली, "आपले नाही आले."

सरांनी मूर्ती उचलली. सहज उचलली गेली. तिचं नाक झिजलेलं होतं, कानात गाळ राहिला होता. त्यांना काहीही वाटलं नाही. सुखरामच्या देवांवर त्यांचा इतका पक्का अविश्वास होता, की त्या सुटकेनं हसू आलं. मग आपले अजून पाण्यातच आहेत हे आठवून ते हसू जागच्या जागी राहिलं.

"तलावाचं काम किती राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या घाटाकडचं राह्यलं, आपले बुडवले तेथचं. सोमवारी तिकडं लागतीन."

"निघाले तर?"

"निघाले त निघाले." जनाबाईनं पदर डोक्यावर ओढला. "तुले काय त्याचं? तू त मानत नाहीस ना."

ती गेली. सर मूर्ती हातात घेऊन तसेच उभे राहिले. उद्या रविवार होता.