मागची खडखड

“काका, यात आवाज नाहीये.”

पोस्टाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाई पेन ड्राइव्ह माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. मी लावून पाहिला. पडद्यावर सहा-सात वर्षांच्या त्याच बाई, फ्रॉक घालून, खुर्चीवर उभ्या राहून कविता म्हणत होत्या. शब्दन् शब्द स्वच्छ.

“आवाज तर खणखणीत आहे, ताई.”

“माझा आहे. मागची खडखड कुठे गेली?”

मला हसूच आलं. जुन्या कॅसेटवरचं घरगुती चित्रीकरण कॉम्प्युटरवर उतरवून देणं हा माझा बारा वर्षांचा धंदा. दुकानामागच्या खोलीत मी एकटाच राहतो आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची माणसं बघतो. चित्र उड्या मारतं, ओठ आधी हलतात आणि बोलणं मागून येतं, फाइल मोबाइलवर उघडत नाही, अशी रडगाणी घेऊन लोक येतात. खडखड काढली म्हणून तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

“अहो, ती मुद्दाम काढली. दोन तास मान मोडून बसलो होतो त्यासाठी.”

“ती माझी आई होती,” बाई म्हणाल्या.

पलीकडच्या खोलीत आईचं शिलाई मशीन चालायचं. वडील कॅमेरा घेऊन हाका मारायचे, ती आतूनच म्हणायची, “एवढी बाही होऊ दे.” बाही कधी संपली नाही. सगळ्या कॅसेटमध्ये मिळून आई कुठेच दिसत नव्हती, आणि आता ऐकूही येत नव्हती.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काम देऊन झालं की मूळ फाइल मी पुसून टाकतो. उरली होती ती माझ्याकडेच पडून असलेली बुरशी लागलेली कॅसेट, आणि ती पहिल्याच फेरीत कशीबशी तगली होती.

“पुन्हा लावली तर कायमची जाईल कदाचित,” मी खरं ते सांगून टाकलं.

“घरी कपाटात ठेवून तरी काय करू? लावा.”

मी टेप पुसून घेतली आणि हेडफोन न लावता आवाज खोलीत सोडला. तिसऱ्या मिनिटाला चित्र थरथरलं आणि गेलंच. नुसत्या मुंग्या. माझा हात बटणाकडे गेला.

“राहू द्या,” बाई म्हणाल्या.

आवाज चालू होता. पुढे चिमुकली कविता, मागे खडखड. शेवटचं कडवं सुरू झालं तशी खडखड थांबली. कडवं संपलं, वडिलांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग मशीन पुन्हा सुरू झालं.

“ऐकत होती,” बाई हळूच म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच वेळात टेप तुटली. तोवर जेवढा आवाज हाती आला तेवढा मी पहिल्या चित्राला जोडून दिला. खडखडीला हात लावला नाही. बाई पेन ड्राइव्ह पर्समध्ये न टाकता मुठीत धरून गेल्या.

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी खुर्चीतून न उठता तिकडे बराच वेळ कान दिला. काढून टाकावं असं तिथे काहीच वाजत नव्हतं.