शीग लावलेली वाटी

तांदळाच्या डब्याचं झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातलात, तर बोटांना काहीतरी गार आणि गोल लागेल. ती मी. मित्रांनो, मी मापाची एक जुनी पितळी वाटी आहे. माझ्या काठाला एक पोचा आहे, बुडाशी घडवणाऱ्याने ठोकलेली एक चांदणी आहे, आणि मला जगातली एकच गोष्ट नीट कळते : आपण किती भरलोय.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. तो माझ्यावर लाकडी हातोडीने इतका हळू ठोके द्यायचा, की मला ते थोपटल्यासारखेच वाटत. घडवून झाल्यावर त्याने मला पाण्याने भरलं, खिडकीपाशी धरलं आणि आत पाहिलं. आत आभाळाचा एक तुकडा होता. ती माझी पहिली आठवण. पुढे माझ्यात पुष्कळ धान्य आलं आणि गेलं, पण आभाळ पुन्हा कुणी मोजलं नाही.

तिथून मी धान्याच्या दुकानात गेले. दुकानदार वाईट नव्हता, फक्त दुकानदार होता. तो धान्य घेताना मला शीग लावायचा. शीग म्हणजे काठाच्या वर धान्याचा जो इवलासा डोंगर उभा राहतो ना, ती. आणि विकताना तोच डोंगर तळहाताने सपाट करायचा. वाटी एकच, हात एकच. फरक फक्त त्या शेवटच्या फिरवण्यात. मग दुकानात विजेचा काटा आला आणि मी फळीखाली गेले. काळी पडले. एका कोळ्याने माझ्यात संसारही थाटला होता.

एका आजीबाईंनी मला तिथून उचललं. त्यांनी राखेने आणि लिंबाने मला इतकं घासलं, की मला माझंच तोंड ओळखू येईना. पुढे त्यांच्या मुलाने दूरच्या मोठ्या शहरात वेगळं बिऱ्हाड केलं, तेव्हा त्यांनी मला सुनेच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "माणशी एक वाटी. आणि शीग विसरायची नाही हं. शीग आल्यागेल्याची."

सून हसली. मापाच्या गोष्टी तिला शिकवाव्या लागत नव्हत्या. ती कपड्यांच्या कारखान्यात कटिंग करायची. मोठ्या टेबलावर कापडाचे थर पसरायचे, त्यावर खडूने असा नकाशा काढायचा की बाही, कॉलर, खिसा सगळे एकमेकांना चिकटून बसले पाहिजेत. तिच्या टेबलाखाली चिंधी म्हणून पडायची नाही. कारखान्यात तिला सगळे 'मास्तर' म्हणत. नवराही तेच म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लोकांच्या इमारतींत वर-खाली जायचा आणि घरी मात्र तीन जिने चढून यायचा, कारण यांच्या इमारतीला लिफ्टच नव्हती.

माझी जागा तांदळाच्या डब्यात. तुम्हाला वाटेल, काय ती अंधारकोठडी! पण मित्रांनो, तांदळात बुडून ऐकलं की सगळं घर मऊ ऐकू येतं. भांड्यांचा खणखणाट लांबच्या घंटांसारखा वाटतो. भांडणसुद्धा पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. शब्द विरघळतात आणि नुसते सूर उरतात. मी तशीच अर्धवट झोपेत असायचे. रोज संध्याकाळी झाकण उघडायचं, उजेड यायचा, मास्तरचा हात यायचा. दोन वाट्या, शीग लावून. पुन्हा अंधार.

मग कधीतरी मास्तर डब्यापाशी उभी राहिली की तिचं पोट डब्याला टेकू लागलं. पत्र्याच्या अलीकडे मी अंधारात, पलीकडे आणखी कुणीतरी अंधारात. तांदूळ माझ्यात पडले की सर्रर्र असा आवाज होतो. तो ऐकला की पलीकडचं कुणीतरी पाय मारायचं. मास्तर दचकायची, हसायची आणि उगाचच तांदूळ पुन्हा ओतायची. आम्ही दोघं एकमेकांना न पाहता ओळखू लागलो होतो.

ते जन्मलं तेव्हा इतकं लहान आणि गोल होतं की बापाने त्याला पाहताच म्हटलं, "हे तर बटण आहे!" तेच नाव राहिलं.

बटण घरी आलं आणि मास्तरची रजा सुरू झाली. कारखाना काही महिने पगारी रजा देत होता. त्यानंतर हवी तर आणखी दोन महिने मिळत, पण बिनपगारी. मास्तरला ते दोन महिने हवे होते. अगदी मनापासून हवे होते. बटणाला डब्यापाशी कडेवर घेऊन ती त्याला सांगायची, "तू बसायला लागशील ना, तेव्हा मी घरी असणार. तू पहिल्यांदा मला बघून हात वर करशील ना, तेव्हाही मीच असणार. बघच तू."

पण दोन महिने घरात एकच पगार, म्हणजे ते आधीच कुठूनतरी कापून काढायला हवेत. आणि कापायचं कसं, ते तिच्याइतकं कुणाला येत होतं?

तिने उरल्या कापडाच्या पाच थैल्या शिवल्या आणि डब्याच्या वरच्या खिळ्यांना अडकवल्या. भाडं, वीज, दूध-भाजी, दवाखाना. पाचवीला लाल बटण लावलं. तिच्यात ते दोन महिने साठवायचे होते. जुन्या चादरींचे लंगोट झाले, नवऱ्याच्या विरलेल्या शर्टांची झबली झाली, आणि एका झबल्यावर बापाचा खिसा तसाच राहिला होता. भाजी बाजार उठायच्या वेळेला यायची. तांदूळ आधी भिजवायचे, एक कढ आला की पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. बाकीचं शिजणं आपलं आपण होतं. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याने फरशी पुसली जायची. बघायला येणाऱ्यांना ती सरळ सांगायची, "खेळणी नकोत हो, साबण आणा." शेजारीण म्हणालीही, "काय गं बाई, बाळाला साबणाशी खेळवणार का?"

"खेळायला वाटी आहे त्याची," मास्तर म्हणाली.

खरंच होतं ते. बटण रडायला लागलं की ती एका हाताने मला भरायची आणि वरून सोडायची. सर्रर्र. ते आधीचं, पोटातलं ओळखीचं काहीतरी त्याला ऐकू यायचं. रडता रडता थांबायचं, डोळे मोठे करून कुठेतरी लांब बघायचं. दुपारच्या उन्हाचा पट्टा ओट्यावर पडलेला असायचा, त्यात तांदळाची बारीक धूळ तरंगायची. मास्तर डोळे मिटून ओतत राहायची. त्या दुपारी कितीदा तरी मला कळायचं नाही, की झोप नक्की कुणाला येते आहे. तिला, त्याला, की मला.

असंच एकदा, पेंगत पेंगत, तिचं बोट माझ्या काठावरून फिरलं आणि शीग गेली.

मला वाटलं, चुकून गेली असेल. दुसऱ्या दिवशीही गेली. मग दोनाची दीड वाटी झाली. मग एक. मग त्या एकीतही तांदूळ काठापर्यंत येईनात. माझी वरची दोन बोटं उघडीच राहायची, आणि तिथे गार लागायचं. पाचवी थैली मात्र बाळसं धरत होती.

तुम्ही विचाराल, नवऱ्याला कसं कळलं नाही? मित्रांनो, घरात तान्हं मूल आलं की नवराबायको एकत्र जेवत नाहीत. एक जेवतो तेव्हा दुसरा मूल धरतो. तो कामावरून आला की त्याचं ताट भरलेलं असायचं. "तू?" तो विचारायचा. "मी मघाशीच जेवले," ती म्हणायची. नंतर पातेल्याला खरवडल्याचा आवाज तांदळातून माझ्यापर्यंत यायचा. तेवढंच तिचं जेवण असायचं.

तिला ते लबाडीचं वाटतच नव्हतं. तिच्या लेखी तीही एक कापडच होती. थोडी दाबून बसवली की आणखी एक खिसा निघतो.

पण बटण आता जास्त रडू लागलं होतं. पाजलं तरी कुरकुरायचं. दवाखान्यातून आल्यावर मास्तर डब्यापाशी उभी राहून त्यालाच रागावली, "बटणा, वजन का वाढवत नाहीस? नर्सबाई मला विचारतात, आई नीट जेवते ना. म्हटलं, जेवते की! पोटभर!" आणि मग तिने डब्याच्या कडेला घट्ट धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. डबा हलत नव्हता. तीच हलत होती.

मी काय करणार? मी वाटी. मला किती भरलंय ते कळतं, सांगता येत नाही. सर्रर्र एवढा एकच शब्द मला येतो.

मग बापाच्या सुट्टीचा दिवस आला. दुपारी मास्तर बटणाला छातीवर घेऊन झोपली ती झोपलीच. घर इतकं शांत झालं की मला माझ्या आतल्या दाण्यांची कुजबुज ऐकू येत होती. झाकण हळूच उघडलं. आत आलेला हात तिचा नव्हता. मोठा होता, त्याला ग्रीसचा वास होता. त्याने मला भरलं आणि, त्याची आई करायची तसं, वर तांदळाचा डोंगर उभा केला. मित्रांनो, किती दिवसांनी! एक. आणि पुन्हा, दोन.

भात फुलला, झाकण उचलून बाहेर डोकावू लागला. त्या वासाने मास्तर जागी झाली आणि तशीच धावत आली.

"अरे, हे काय? लग्नाची पंगत बसणार आहे का इथे?"

"दोघांचाच आहे. दोन वाट्या. आई घालायची तेवढेच."

"शीग लावून?"

"मग? तू किती घालतेस?"

"पुरतील तेवढे."

"दाखव."

बटणाला त्याच्याकडे देऊन तिने मला तांदळात बुडवलं, बाहेर काढलं, आणि सवयीने तिचं बोट आत फिरलं. दोन बोटं खाली. मी त्यांच्या दोघांच्या मध्ये, ओट्यावर, उघडी. लपवायला माझ्याकडे काही नव्हतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. "एवढे? दोघांना?"

"तुला कधी कमी पडलंय का?"

"मला नाही पडलं," तो म्हणाला.

त्याने ताट घेतलं, भात वाढला, भाजी वाढली आणि ताट तिच्यापुढे सरकवलं. स्वतः बटणाला खांद्यावर घेऊन उभा राहिला. ती म्हणाली, "एवढा कुठे जाणार मला." आणि जेवायला लागली. ताट संपलं. त्याने पुन्हा वाढलं, तेही संपलं. ती जेवत होती आणि नाक पुसत होती, आणि पुन्हा जेवत होती. ऊन ओट्यावरून उतरून फरशीवर गेलं तरी ती जेवतच होती. पातेलं रिकामं झालं तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं आणि एकदम ओशाळून म्हणाली, "अरे, तुला ठेवलाच नाही."

"मी मघाशीच जेवलो," तो म्हणाला.

दोघं हसले. हसता हसता ती रडली. बटण दोघांकडे आळीपाळीने बघत होतं.

मग त्याने पाचवी थैली खिळ्यावरून काढून तिच्या मांडीवर ठेवली. "मास्तर, दोन महिने नाही जमायचे. एक जमेल. पण त्या महिन्यात वाटीला बोट लावायचं नाही."

तिने थैली दोन्ही हातांनी धरली. तिने इतक्या निगुतीने कापून काढलेला एक महिना परत द्यायचा होता. बटण पुढेमागे कुठल्यातरी दुपारी पहिलं पाऊल टाकेल, आणि तेव्हा ती खडू घेऊन टेबलापाशी उभी असेल. तिला ते कळत होतं. तिने लाल बटणावरून अंगठा फिरवला.

"शीग लावून एक," ती म्हणाली.

तो महिना मला स्वप्नासारखा आठवतो. रोज दोन वाट्या, रोज डोंगर. बटणाचे गाल हळूहळू माझ्यासारखे गोल होत गेले. एका दुपारी त्याला ओट्याजवळ चादरीवर ठेवलं होतं. ते डुललं, सावरलं, आणि बसलं. मास्तरकडे बघून दोन्ही हात वर केले. तिने तेव्हा मला तसंच खाली सोडलं आणि धावली. काठाचा पोचा त्या दिवसाचा आहे. तो मला फार आवडतो.

पहिलं पाऊल मात्र बटणाला सांभाळायला आलेल्या आजीबाईंनी पाहिलं. मास्तर कामावर होती.

बटण आता मोठी मुलगी आहे. मी तिची टोपी झाले, ढोलकी झाले, अंघोळीच्या बादलीतली नाव झाले. मग खुणा छापलेलं प्लास्टिकचं माप घरात आलं, आणि मी पुन्हा तांदळाच्या तळाशी गेले. कधीमधी हाताला लागते. काळी पडले आहे. असो, मला घासा, चकाकवा, असं मी म्हणणार नाही. मी थांबू शकते, पितळ फार वर्षं थांबतं.

मागायचं आहे ते दुसऱ्याच कुणासाठी. मित्रांनो, घर काटकसरीने चालतं तेव्हा कुणीतरी सगळ्यांना मोजून वाढत असतं. ती कुठे कापते ते नीट बघा. बटणाचा बाप आजही जिने चढून दमून येतो आणि विचारतो, "जेवलीस?" आतून उत्तर येतं, "हो, मघाशीच." तो चपला काढतो, सरळ ओट्यापाशी जातो आणि पातेल्याचं झाकण उघडून बघतो.

तुम्हीही बघत जा.