कापलेला दस्ता

"हे बायकांना फार आवडतं," म्हणत क्लेटन रॅटलिफने काचेच्या कपाटावर एक गुलाबी पिस्तूल ठेवलं.

वेल्मा स्टॅम्परने त्याला हात लावला नाही. गुलाबी! बाहुलीच्या कंगव्याला असतो तसला भडक रंग. बावीस वर्षं तिने वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात दुसऱ्यांच्या घाणेरड्या चादरी धुतल्या होत्या, पण त्यांनी कधी मळमळलं नाही तेवढं तिला त्या रंगाने मळमळलं.

"मला खेळायला नकोय," ती म्हणाली.

"मग हे काळं बघा. फक्त हाताला दणका जरा जास्त देईल." क्लेटनची नजर तिच्या उजव्या मनगटावरच्या पट्टीकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. "घसरलात म्हणे स्वयंपाकघरात?"

"हो. घसरले."

ती कशी घसरली हे केंटकीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिचा मुलगा डेन्व्हर भरदिवसा मागच्या दाराची काच फोडून आत शिरला होता. आई कामावर गेली असेल असा त्याचा हिशेब. ती निघाली घरात, तापाने पडलेली. पर्स ओढताना त्याने तिला शेगडीवर ढकललं. चौतीस वर्षांचा घोडा! शेरीफचा माणूस आला तेव्हा वेल्माने सांगितलं, तोंड दिसलं नाही. एवढं एक वाक्य ती बोलली आणि सगळ्या गावाची सोय झाली. तेव्हापासून जो तो 'कोणीतरी', 'चोर', 'असली माणसं' असं म्हणू लागला. चर्चमध्ये प्रार्थना झाली तीसुद्धा वेल्माच्या घरी शिरलेल्या कुणा अनोळखी माणसापासून देवाने तिचं रक्षण करावं म्हणून. ती प्रार्थना सांगणारा हाच क्लेटन. रविवारी देणगीचं ताट फिरवायचं आणि सोमवारपासून लोकांच्या अंगठ्या, करवती नि बंदुका गहाण ठेवून घ्यायच्या. एकाच तोंडाने देवालाही गिऱ्हाईक करून घेणारा माणूस.

"ताई, घाबरायचं काही कारण नाही," तो समजावत होता. "आमची सासूबाई शहात्तर वर्षांची आहे. उशीखाली ठेवते. अडल्यानडल्याला वर देव आणि खाली पिस्तूल."

"उशीखाली ठेवते म्हणजे तुझी रात्री तिच्याकडे जायची सोय नाही," हॉबर्ट म्हणाला आणि दोघे खदाखदा हसले.

हॉबर्ट वेल्माचा धाकटा दीर. त्यानेच तिला गाडीत घालून इथे आणलं होतं. त्याच्या स्वतःच्या घरात भिंत भरून बंदुका होत्या. त्यातली एक दे म्हणून तिने विचारलं, तर म्हणाला, "वहिनी, बंदूक आणि बायको माणसाने उसनी देऊ नये." असल्या विनोदावर गेली तीस वर्षं ती गप्प बसत आली होती. आजही बसली.

हरणाच्या शिकारीचा मोसम तोंडावर आला होता, त्यामुळे दुकानात गर्दी होती. चट्ट्यापट्ट्यांचं जाकीट घातलेला एक जाडा माणूस काडतुसांची खोकी चाळत होता. त्याने न विचारताच तोंड घातलं.

"बाई, एक लक्षात ठेवा. घातली गोळी की तो उंबऱ्याच्या आत पडला पाहिजे. आत पडला की कायदा तुमच्या बाजूने. बाहेर ओट्यावर पडला, तर पाय धरायचे आणि ओढून आत घ्यायचा. मग फोन करायचा."

"त्यांना कसा ओढवेल?" क्लेटन म्हणाला. "नाजूक बाई."

"घोंगडीवर घ्यायचा नि ओढायचा. हरीण नाही का आपण ओढत?"

पुन्हा हसणं. तो बोलत असताना वेल्माच्या मनाने खरोखरच हिशेब करून टाकला होता. पूर्वीचा डेन्व्हर तिला ओढवला नसता, दार उघडताना चौकट भरून जायची त्याच्या खांद्यांनी. आता गालांची वाटी झालेली, पाठीच्या बरगड्या सदऱ्यातून मोजून घ्याव्यात. आता तो ओढवला असता. एका हाताने ओढवला असता. हे आपण मनात आणलं, याची तिला त्या जाड्यापेक्षाही जास्त शिसारी आली.

"वहिनी, लवकर काय ते ठरव," हॉबर्ट घड्याळ बघत म्हणाला. "पुन्हा तो चोर आला म्हणजे?"

"मला परवडेल असं दाखव," ती क्लेटनला म्हणाली. "ही सगळी माझ्या आवाक्याबाहेरची आहेत."

क्लेटनचा चेहरा खुलला. "मग पिस्तूल सोडाच. खरं सांगू का, घरात पिस्तुलापेक्षा लांब नळीच बरी, नेम धरायची फार कटकट नाही. एक आहे वापरलेली. वीस बोअरची एकनळी. अगदी तुमच्यासाठीच केल्यासारखी." तो मागच्या मांडणीकडे गेला आणि एक बंदूक घेऊन आला. "बघा, दस्ता आखूड आहे. बायकांना मोठ्या दस्त्याची बंदूक खांद्याला लावता येत नाही. ही लावून तर बघा."

त्याने ती तिच्या हातात दिली आणि तिने ती खरंच खांद्याला लावली. नीट बसली. गाल टेकला तिथे लाकूड गुळगुळीत होतं. मग तिने ती खाली घेतली आणि दस्त्याचं मागचं टोक आपल्याकडे वळवलं. लाल रबराची टाच दोन स्क्रूंनी बसवलेली होती. एक स्क्रू पितळी होता, दुसरा लोखंडी.

पितळी स्क्रू तिच्या शिवणयंत्राच्या खणातला होता. दुसरा पितळी सापडेना म्हणून तिच्या नवऱ्याने, ऑर्व्हिलने, लोखंडी लावला होता. डेन्व्हर तेव्हा बारा वर्षांचा. पहिल्यांदा हरणाला जायचं, पण दस्ता काखेत अडकायचा, म्हणून ऑर्व्हिलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो त्याच्या मापाने कापला. त्या खोऱ्यात सगळेच बाप तसं करत. कापलेला तुकडा जपून ठेवायचा आणि पोरगं वाढलं की परत जोडायचा. पोरगं वाढलं, पण तोवर कोळशाच्या धुळीने ऑर्व्हिलची फुप्फुसं खाल्ली होती, त्याला खुर्चीतून उठवेना. तुकडा जोडायचा राहिला तो राहिलाच.

"ही कुणी विकली तुला?" वेल्माने विचारलं.

"ते नाही सांगता येत, ताई. धंद्याचा नियम आहे."

"खालचे दोन दात पडलेत त्याचे?"

क्लेटनने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसायला लागला.

"डाव्या भुवईवर व्रण आहे? सायकलवरून पडला होता तुझ्याच आईच्या दारात. तूच उचलून आणलास घरी."

"वहिनी," हॉबर्टने तिचा दंड धरला. "चारचौघांत कशाला?"

"नाव घे त्याचं, क्लेटन."

जाड्याने काडतुसांचं खोकं हळूच खाली ठेवलं. क्लेटनने फडक्याची घडी घातली, पुन्हा मोडली.

"मी त्याला चार पैसे जास्तच दिले, ताई," तो शेवटी पडेल आवाजात म्हणाला. "दुसऱ्या कुणी दिले नसते. तुमच्याकडे बघून दिले."

"माझ्याकडे बघून!" वेल्मा हसली. ते हसू तिचं तिलाच ओळखीचं वाटलं नाही. "त्या पैशांनी त्याने नशेच्या गोळ्या घेतल्या. त्या संपल्यावर तो माझ्या दारात आला. आणि आता त्याच्यासाठी म्हणून तू मला ही विकतोस. त्याच्या बापाने त्याच्याच मापाने कापलेली. दोन्हीकडून खातोस रे. अजीर्ण कसं होत नाही तुला?"

"तुम्ही बंदूक मागायला आलात, ताई. मी बोलवायला आलो नव्हतो."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं. तिने बंदूक काचेवर ठेवली. हात स्कर्टला पुसले, खालीवर, दोन्ही बाजूंनी पुसले, आणि बाहेर पडली.

गाडीत हॉबर्ट धुमसत होता. "माझी लाज घालवलीस. उद्या चर्चमध्ये तोंड कसं दाखवू त्याला?"

"त्याने मला कसं दाखवलं, तसं तू त्याला दाखव. मला लोखंडी सामानाच्या दुकानाशी सोड."

तिथे तिने मागच्या दारासाठी पोलादी कुलूप घेतलं. आतूनही किल्ली, बाहेरूनही किल्ली. कुणी काच फोडून हात आत घातला तरी फिरवायला आत काही नाही, असलं. हॉबर्टने पिशवीत डोकावून नाक मुरडलं.

"कुलपाने थांबणारे का तो?"

"तो कोण?"

हॉबर्टने गाडीचा रेडिओ लावला. घराशी पोचल्यावर इंजिनही बंद केलं नाही. "माझं ऐकायचं नाही ना? मग बसव तुझं तू," म्हणाला आणि धुरळा उडवत निघून गेला.

फुटलेल्या काचेच्या जागी वेल्माने शेजाऱ्याकडून एक फळी ठोकून घेतली होती. दार सताड उघडं टाकून, उंबऱ्यात गुडघे टेकून ती जुनं कुलूप सोडवायला बसली. दुखऱ्या मनगटात जोर येईना, आणि डाव्या हाताने पेचकस घसरत होता. जुनं कसंबसं निघालं. नवीन भोकात तिरकं बसलं, काढलं, पुन्हा तिरकं बसलं. तिने एक शिवी दिली. ऑर्व्हिल असता तर चकित झाला असता.

"उलटं धरलंयस, आई."

ओढ्याच्या बाजूने डेन्व्हर कधी वर आला, तिला कळलं नाही. अंगणात उभा होता. पेचकस तिने सुरीसारखा मुठीत धरला आणि तो त्याने पाहिला. तो जागचा हलला नाही.

"काही न्यायला नाही आलोय," तो म्हणाला.

"न्यायला राहिलंय काय?"

त्याचा वास तिथवर येत होता. ओल्या कपड्यांचा, तोंडाचा, औषधाचा. वृद्धाश्रमातल्या सगळ्या वासांना तिचं नाक सरावलेलं, पण हा तिला सोसवत नव्हता. पोटच्या पोराची किळस येते, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. देवालासुद्धा नाही. नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू हे, आणि त्याने जवळ येऊ नये असंच तिला वाटत होतं.

"मनगट..." तो म्हणाला.

"घसरले."

त्याने मान खाली घातली. मग हात पुढे केला. "दे इकडे. चौकटीचं लाकूड फुगलंय, जरा तासावं लागेल. तुझ्याने नाही व्हायचं."

त्याला दारांतलं कळत होतं. न मागता सुतारकाम मिळायचं त्याला, इतका हात बसलेला. खोऱ्यातल्या कितीतरी घरांची दारं त्याने टांगली होती. एकदा छपरावरून पडला, पाठ दुखावली, आणि डॉक्टरने गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली. गोळ्या राहिल्या.

तिने पेचकस उंबऱ्यावर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली. तो येऊन बसला. हात थरथरत होते, पण चौकटीला लागले की थरथर थांबायची. पटाशी मागितली, तिने ती उंबऱ्यावर ठेवली, हातात दिली नाही. त्याने लाकूड पातळ पातळ तासलं, फुंकर घातली, बोट फिरवून पाहिलं.

"क्लेटनकडे गेले होते," ती म्हणाली. "बाबांची बंदूक आहे तिथे."

"ती माझी होती. बाबांनी मला दिलेली."

"हो. तुला दिलेली."

"तू कशाला गेलीस त्याच्याकडे?"

त्याने वर पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे, मग हातातल्या कुलपाकडे. त्याला कळलं. कळताना तिला दिसलं. त्याच्या तोंडावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं, पण तो आला नाही. लहानपणी मार खाऊन झाल्यावर व्हायचा, तसला पोरका चेहरा झाला नुसता.

"घेतलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

"घ्यायचीस," तो म्हणाला. "ती धरायला सोपी आहे." आणि स्क्रू पिळायला लागला.

वेल्मा आत गेली. पावाच्या दोन कापांमध्ये मांसाची चकती आणि मोहरीची चटणी घातली, कागदात गुंडाळली. बाहेर आली तोवर कुलूप सरळ रेषेत बसलेलं होतं. कारखान्यातून दार तसंच आल्यासारखं. त्याने दोन्ही किल्ल्या फिरवून पाहिल्या, दोन्ही काढल्या आणि उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"दोनच आल्यात," तो म्हणाला. "तिसरी करून घेऊ नकोस. कुणाला देऊ नकोस."

"कुणाला?"

"मला." त्याने कागदाची गुंडाळी घेतली, उघडली नाही. ओट्यावर जाऊन उभा राहिला. "लाव आता. बघू कसं बसलंय."

किल्ल्या उचलून तिने दार लोटलं. फळीमुळे तो दिसेनासा झाला. तिने किल्ली फिरवली आणि आत पोलाद सरकल्याचा आवाज झाला. बाहेरून मूठ हलली. मग खांद्याचा एक दणका बसला, आणखी एक, पूर्ण ताकदीचा. शेगडीवरची भांडी खणखणली. दार हललं नाही.

"पक्कं बसलं, आई."

"हो," वेल्मा म्हणाली.

मग ओट्याच्या पायऱ्या वाजल्या. तो उतरून ओढ्याकडे जाईपर्यंत ती दारापाशी उभी होती. मग दोन्ही किल्ल्या तिने खिशात टाकल्या आणि उंबऱ्यावरचा भुसा गोळा करायला झाडू घेतला.