यादीत सगळ्यात वर बटणवाला

बायको जाऊन दीड वर्ष झालं. तिची वेबसाइट मात्र चालू आहे. फाटलेले कपडे रफू कसे करायचे, हे ती तिथे फोटोंसकट लिहायची. ती असताना मी ती साइट एकदाही नीट वाचली नाही. हे आधीच सांगून टाकतो.

एक दिवस भाची आली आणि लॅपटॉप उघडून म्हणाली, "मामा, मामीची साइट शोधून सापडत नाहीये. आधी रफू म्हटलं की पहिली यायची."

"मग आता काय झालं?"

"नको त्या साइटवाल्यांनी हिच्या लिंका लावल्यात. हजारांनी. सर्च कंपनीला वाटतंय, साइट वर यावी म्हणून आपणच त्या मुद्दाम लावून घेतल्या. नोटीसही आलीय."

मी यादी बघितली. जुगाराचे अड्डे, टकलावर केस उगवून देणारे, आठ दिवसांत पोट उतरवणारे, सगळे माझ्या बायकोला चिकटलेले. डोकंच फिरलं.

काम असं होतं. प्रत्येक साइटच्या मालकाला पत्र पाठवायचं, लिंक काढा. जो काढणार नाही त्याचं नाव एका फाइलमध्ये लिहायचं आणि ती फाइल सर्च कंपनीला पाठवायची. मग त्या लिंका ते धरत नाहीत. "चांगल्यांना हात लावू नका हं, त्यांच्या लिंकांमुळेच साइट वर राहते," भाचीनं बजावलं. मी जन्मभर गोदामात माल तपासला, चांगला इकडे, खराब तिकडे. म्हटलं, मला काय शिकवतेस!

चौथ्या दिवशी यादीत बटणवाला सापडला. बाजाराच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. दुकानाच्या साइटवर तो रोज काहीबाही लिहितो. त्यात हिच्या पानांच्या दोनशे बारा लिंका. नऊ वर्षांपासूनच्या. "कोपर विरलंय? बाईंचं हे वाचा." "असा हात मी दुसरा पाहिला नाही."

ही दर शनिवारी त्याच्याकडे जायची. एकदा मी विचारलं होतं, "दोन बटणं आणायला दीड तास?" ती म्हणाली, "रंग जुळायला वेळ लागतो." तेव्हा मी हसलो होतो.

त्यालाही तेच पत्र धाडलं. बाकी कुणी उत्तर दिलं नाही, याचं तासाभरात आलं. "बाईंनी स्वतः सांगितलं तर काढतो."

अंगाची लाही लाही झाली. म्हणजे मी कोणीच नाही? फाइल उघडली आणि त्याचं नाव सगळ्यात वर घातलं.

काही आठवड्यांनी नोटीस उठली. साइट मात्र वर येईना. उलट होते तेवढे वाचकही गेले. दिवसाला चार-पाच उरले. भाचीनं फाइल मागितली.

"मामा, हा बटणवाला इथे काय करतोय?"

"चुकून पडला असेल."

"चुकून? बाकी आठशे नावं ओळीनं, आणि हा सगळ्यांच्या डोक्यावर?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"अहो, मामीबद्दल मनापासून लिहिणारा हा एकच माणूस होता. याच्याच जिवावर साइट तग धरून होती." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जळताय तुम्ही. या वयात!"

"वयाचा काय संबंध?"

ती आत पाणी प्यायला गेली. मी त्याचं लिहिलेलं वाचायला बसलो. खोटं कशाला बोलू, काहीतरी वावगं सापडावं असंच वाटत होतं. एके ठिकाणी होतं, "राखाडी कोटाचं बटण आज मिळालं. बाई तीन शनिवार शोधत होत्या. म्हणाल्या, नवऱ्याला कळलं तर म्हणेल नवा कोट घेऊ."

तो कोट माझ्या खुंटीवर आहे. उठून बघितला. कुठलं बटण बदललंय ते मला ओळखू येईना.

राग गेला म्हणता? वाढला. माझ्याच कोटाची गोष्ट मला याच्याकडून कळावी!

मग अलीकडची एक नोंद आली. "बाई कितीतरी शनिवार आल्या नाहीत. रागावल्या वाटतं. मोतिया बटणं बाजूला ठेवलीत."

मी ती दोनदा वाचली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीच सांगायला हवं होतं, आणि मी त्याला लिंक काढा म्हणून कळवलं होतं.

फाइलमधली पहिली ओळ पुसली. भाचीनं फाइल पुन्हा पाठवली.

"आता येईल वर?"

"महिना-दोन महिने थांबा. नक्की नाही सांगता येत, मामा."

मग त्याला पत्र लिहायला घेतलं. "लिंका राहू द्या" एवढं पटकन झालं. पुढचं होईना. वाचून तो रडेल, हे डोळ्यांसमोर येत होतं, आणि तेही मला सोसत नव्हतं. पत्र तसंच टाकलं.

शनिवारी कोट घालून दुकानात गेलो. त्यानं आधी माझ्या कोटाचं खालून दुसरं बटण पाहिलं, मग मला.

"बाई नाही आल्या?"

मी स्टूल ओढून बसलो.